मानसोपचार शिकवायचाय, पण रुग्णाच्या भाषेतून

प्रिय विद्यार्थिनी,

सायकियाट्रीच्या पोस्टिंगमध्ये मेळघाटातल्या एका कोरकू आदिवासी बाईची हिस्टरी तिच्या नवऱ्यानेच मराठीत सांगितली, तिला कुणी काही विचारलंच नाही, हे तुला खटकलं. डॉक्टर होणाऱ्या मुलांना हे नीट शिकवायचंय, पण त्यात करिअर होईल का, असं तू विचारतेस.

होईल. कम्युनिटी मेडिसिनमधूनही अध्यापनात जाता येतं, पण रुग्णासमोर बसून शिकवायचं तर एम.डी. सायकियाट्रीच घे, असं मी म्हणेन. नीट-पीजी, तीन वर्षांची रेसिडेन्सी, सिनिअर रेसिडेंट, मग असिस्टंट प्रोफेसर. थिसिसचा विषय मेळघाटातला निवड.

मात्र तोवर थांबू नकोस. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, १६ प्रश्नांची ‘कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू’ (रुग्ण आपला आजार कसा समजतो हे जाणून घेणारी मुलाखत) आहे, ती वाच. हा त्रास कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं, घरचे काय म्हणतात, आधी कुणाला दाखवलं, असे साधे प्रश्न आहेत. आपल्याकडे ‘मला डिप्रेशन आलंय’ म्हणत फार थोडे येतात. ‘जीव घाबरा होतो’, ‘अंगाची आग होते’, ‘बाहेरचं झालंय’ असं सांगतात आणि ॲसिडिटीची गोळी घेऊन परत जातात. मेळघाटातली बाई बहुतेक वेळा आधी भूमकाकडे, म्हणजे कोरकूंच्या पारंपरिक वैदूकडे, जाऊन आलेली असते. ‘तिकडे कशाला गेलात?’ म्हणून खेकसलं की ती गप्प होते. ‘भूमका काय म्हणाला?’ विचारलं की बोलू लागते. आणि दुभाषी म्हणून कोरकू बोलणारी सिस्टर किंवा आशाताई बघ. घरात मारहाण होत असेल तर बाई ते नवऱ्यासमोर कशी सांगणार?

भाषा कळली तरी अर्धंच काम झालं. मेळघाटातल्या धारणीहून अमरावती जवळपास दीडशे किलोमीटर. मजुरी बुडवून दर महिन्याला गोळ्यांसाठी कोण येईल? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक मानसिक आजारांत ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचाराविना आढळले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम १८ जात, लिंग, संस्कृती असा कुठलाही भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क देतं. म्हणून डिस्चार्जच्या वेळी ‘या गोळ्या तुमच्या जवळ कुठे मिळतील?’ हे विचारणं आणि ते ठिकाण कार्डावर लिहून देणं, हाही अभ्यासाचाच भाग हवा.

सुरुवात एटकॉमच्या, म्हणजे डॉक्टरची वृत्ती, नैतिकता आणि संवाद शिकवणाऱ्या, तासापासून कर. या बाईची केस, नाव-गाव वगळून, तिथे मांडू द्या, अशी सरांना विनंती कर. त्यांनी हो म्हटलं तर त्यांनाच गाइड होण्याबद्दल विचार आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) विद्यार्थ्यांना छोट्या संशोधनासाठी मिळणाऱ्या शॉर्ट टर्म स्टुडंटशिपची पुढची जाहिरात आली की अर्ज भर.