साइन म्हणजे चिन्ह नव्हे, धनुष्याची दोरी

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय, मुलगी दहावीला आहे, ६ मीटरची शिडी भिंतीला टेकलीय, जमिनीशी कोन ६० अंशाचा, तर शिडीचा पाय भिंतीपासून किती लांब, यात साइन का चालत नाही? आणि साइन म्हणजे 'चिन्ह' असं क्लासमध्ये सांगितलं, ते बरोबर का?

साफ चूक! बेळगावात हे 'चिन्ह' ऐकून ऐकून कान किटलेत माझे. सहीचं साइन वेगळं, गणितातलं वेगळं, दोन्हींचं स्पेलिंगच वेगळं आहे, पुस्तक उघडून बघा की.

गणितातलं साइन मूळचं आपलं, संस्कृत 'ज्या', म्हणजे धनुष्याची दोरी. एक कामटी वाकवा आणि तिला सुतळी ताणून बांधा. कामटी म्हणजे चाप, सुतळी ज्या किंवा जीवा, मधे लावलेला बाण तो शर, आणि कामटीचं टोक म्हणजे कोटी, सगळी भूमिती हातात आली! मराठी वर्गात वर्तुळाची 'जीवा' म्हणतात, शेजारच्या कन्नड वर्गात तिलाच 'ज्या'. आर्यभटाच्या ४९९ सालच्या ग्रंथात हिशेब अर्ध्या सुतळीचा आहे, अर्धज्या, पुढे 'अर्ध' गळून नुसतं ज्या राहिलं.

आता खरी गंमत. अरबांनी जीवा उचलला, त्याचा 'जीब' झाला, आणि त्यांच्या लिपीत जीब नि 'जैब' लिहायला अगदी सारखंच. जैब म्हणजे अंगरख्याचा छातीवरचा घोळ, खिसा. १२व्या शतकात लॅटिनमध्ये त्याचं 'सायनस' केलं, म्हणजे घोळच, तेच आपलं साइन. आणि खडे बाजारात कन्नड माणूस खिशाला 'जेबु' म्हणतो ना, तो हाच जैब, हिंदीतला जेबही तोच! लॅटिनवाल्यांनी घोटाळा केला असं बरेच जाणकार लिहितात, मला ते अजिबात पटत नाही, वाचन घसरलं ते अरबीतच, पुढच्या माणसानं समोर होतं त्याचा अर्थ चोख लावला, त्याला कशाला बोल लावायचा? मला तर वाटतं घोळसुद्धा कमानीसारखाच वाकलेला असतो, म्हणूनच तो शब्द इतका घट्ट बसला.

आणि 'को म्हणजे कोन' हेही बंद करा. कोसाइनला आपल्याकडे कोज्या म्हणतात, ती कोटिज्या, कामटीच्या टोकाच्या कोटीवरून. इंग्रजी कोसाइनमधला 'को' मात्र 'कॉम्प्लिमेंट' या शब्दावरून आलाय, म्हणजे ९० अंशाला जितके कमी पडतात त्या कोनावरून, दोन्ही 'को' निराळे आणि योगायोगानं जुळलेले.

हां, शिडी. वर्तुळाच्या मध्यातून बघितलं की अर्धी सुतळी कोनाच्या समोर उभी दिसते, म्हणून साइन म्हणजे समोरची बाजू शिडीच्या किती पट ते, समोरची बाजू इथं भिंतीवरची उंची, ती येते साधारण ५.२ मीटर. पाय ते भिंत हे अंतर कोनाला लागून आहे, तिथं कोसाइन, ६० अंशाच्या कोनाचं कोसाइन अर्धा, म्हणजे ६ मीटरच्या निम्मे, ३ मीटर.