सर्वांत वाईट वर्षाचा रकाना

अनेक आशीर्वाद.

एकच वाण लावणारे आणि चार वाण लावणारे शेतकरी यांच्या उत्पन्नाची तुलना करणारा तुझा तक्ता पाहिला. आकडेमोड चोख आहे, पण एकरी सरासरी काढून ‘चार वाण लावणारा शेतकरी तोट्यात’ म्हणणं मला पटलं नाही. डोक्यावर कर्ज असलेल्याला एक वाईट वर्ष पुरतं. जनावरं विकावी लागतात, कधी जमीनही, आणि पुढच्या चार सुगींतही ती परत घेता येत नाही. म्हणून सरासरीशेजारी सर्वांत वाईट वर्षाच्या उत्पन्नाचा रकाना घाल. हळवे-गरवे, म्हणजे लवकर आणि उशिरा पिकणारे, वाण एकत्र असले की पावसाचा खंड सगळ्या पिकाला एकाच वेळी फुलोऱ्यात गाठत नाही, आणि कापणीची मजुरीही एकदम अंगावर येत नाही. चारा तर तू धरलेलाच नाहीस!

फवारणीचा खर्चही मांड. चीनच्या युनान प्रांतात १९९८-९९ साली शेतकऱ्यांनी संकरित भाताच्या ओळींमध्ये करप्याला, म्हणजे बुरशीच्या एका रोगाला, बळी पडणाऱ्या चिकट भाताची एकेक ओळ लावली. नुसता तोच भात लावलेल्या शेतांच्या तुलनेत त्याच्यावरचा करपा ९४ टक्के कमी झाला, उत्पादन ८९ टक्के वाढलं. दोन वर्षांत बुरशीनाशकाच्या फवारण्या बंद झाल्या.

आता उलट टोकाचं उदाहरण. १९४८ साली अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक हार्लन यांनी तुर्कस्तानातून एक गहू गोळा केला. काडी बारीक, पीक लोळायचं, थंडी सोसायचं नाही, पाव भाजायला पीठही सुमार. जवळपास पंधरा वर्षं त्याला कोणी विचारलं नाही. मग अमेरिकेच्या वायव्य भागात पिवळा तांबेरा हा गव्हावरचा बुरशीचा रोग उसळला आणि त्याच्या चार प्रकारांना याच गव्हात प्रतिकार सापडला. तुझ्या तक्त्यात हा गहू पहिल्याच फेरीत बाद झाला असता.

पण एवढ्यावरून ‘जुने वाण राखा’ असा उपदेश मात्र लिहू नकोस. वाण राखण्याची झळ एका घराला आणि फायदा दूरच्या कोणाला, हा त्यातला खरा अन्याय आहे. त्या घराला दर वर्षी किती उत्पन्न सोडावं लागतं ते आधी काढ. भरपाई कोणी द्यायची, हे त्या आकड्याशिवाय बोलताच येणार नाही.

आणि बियाणं कोण निवडतं ते विचार. पुष्कळदा ते काम घरातली बाई करते आणि तुझ्या पाहणीच्या फॉर्मवरची उत्तरं दुसराच देतो. पुढच्या फेरीत आधी तिच्याशी बोल.