मुलीला हिमस्खलनाचे गणित शिकायचे आहे

पत्र : माझी मुलगी बीएस्सी गणिताच्या शेवटच्या वर्षाला आहे. वायनाडची दुर्घटना पाहिल्यापासून तिच्या मनात एकच आहे. हिमस्खलन किंवा दरड वाटेतली माती, बर्फ कशी उचलत जाते, याचे मॉडेलिंग करायचे. घरचे म्हणतात, गोव्यात बर्फ कुठे? बीएड करून शाळेत लागली तर बरे. यात पुढे काय आहे? तिला हिमालयात राहावे लागेल का? आम्हांला तर विषयच कळत नाही. – एक आई, वाळपई

सप्रेम नमस्कार ताई,

आधी विषयच बघू. डोंगरावरून सुटलेला लोंढा सुटतो तेवढाच खाली पोचत नाही. वाटेतला बर्फ, माती, धोंडे, झाडे खरवडून पोटात घेतो आणि कित्येकदा मूळच्या कितीतरी पट होऊन पायथ्याशी येतो. वायनाडला 30 जुलै 2024 रोजी असाच मातीदगडांचा लोंढा सुमारे 8 किलोमीटर गेला. वाटेत किती माल उचलला जाईल याचा अंदाज आधी आला, तर कोणती वस्ती हलवायची, पूल कुठे बांधायचा हे ठरवता येते. तुमच्या मुलीला हाच अंदाज गणिताने काढायचा आहे, त्यालाच मॉडेलिंग म्हणतात.

उचललेल्या मालाने लोंढ्याचा वेग वाढतो की मंदावतो? इथेच खरी अडचण आहे. पडून असलेल्या मातीला वेग द्यायचा तर लोंढ्याचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) खर्च होतो, म्हणजे तो मंदावायला हवा. पण अमेरिकेत ओरेगॉनमध्ये 95 मीटर लांबीच्या काँक्रीटच्या उतरत्या पन्हळीत मुद्दाम चिखलाचे लोंढे सोडून पाहिले गेले. त्याचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. तळाची माती चांगली ओली असेल तर वरून आलेल्या वजनाने तिच्यातल्या पाण्याचा दाब एकदम वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि लोंढा मोठाही होतो, वेगही घेतो. तळ कोरडासर असेल तर मात्र मंदावतो. बर्फाचे आणखी निराळे. स्वित्झर्लंडमध्ये एका डोंगरउतारावर जमिनीत पुरलेली रडारे वरून जाणाऱ्या हिमलोंढ्याकडे खालून पाहतात. लोंढ्याचे तोंड खालचा बर्फ नांगरल्यासारखा एकदम उचलते, की मागचा भाग तो थराथराने घासून नेतो, हे त्यावरून कळते. मॉडेलमध्ये हे सगळे समीकरणातल्या एका पदात बसवायचे असते, आणि त्या पदातले आकडे आजही पुष्कळदा जुन्या घटनांशी जुळवून घालावे लागतात. म्हणून इथे नव्या माणसाला करण्यासारखे खूप आहे.

गोव्यात बर्फ नाही, पण बर्फाचा अभ्यास करणारे आहेत. वास्कोला हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकातली मैत्री आणि भारती ही ठाणी तेच चालवते, आणि हिमनद्यांच्या अभ्यासासाठी स्पीतीत 2016 पासून त्यांचे हिमांश हे केंद्र आहे. आणि दरडी तर आपल्या दारात आहेत. दूधसागरच्या रेल्वेमार्गावर, घाटरस्त्यांवर त्या कोसळतातच. जिथून असा लोंढा गेला तो व्हाळ पावसाळ्यानंतर मुलीला नीट पाहू दे. वरच्या भागात तळाची माती नाहीशी होऊन काळा कातळ उघडा पडलेला असतो, आणि खाली मुळांसकट झाडे व धोंडे एकत्र रचलेले दिसतात.

हिमालयात कायमचे राहावे लागत नाही. यातले बरेच काम संगणकावर चालते, मोजमापासाठी अधूनमधून जावे लागते. चंदीगडला डीआरडीओची हिमस्खलनावर काम करणारी प्रयोगशाळा आहे, डेहराडूनला हिमालयाच्या भूशास्त्राचा अभ्यास करणारी वाडिया संस्था आहे, काही आयआयटींतही दरडींवर काम चालते. जागा मात्र थोड्या आहेत, पीएचडीला चार-पाच वर्षे सहज जातात. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो, त्यामुळे त्या वर्षांत घरावर भार पडत नाही.

म्हणून माझे मत असे, की आत्ताच हिमस्खलनाच्या नावाचा अभ्यासक्रम शोधत बसू नये. एमएस्सी गणितातच करावी, गोवा विद्यापीठात किंवा जॅम ही एमएस्सीची प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत. पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स, फ्लुइड मेकॅनिक्स आणि न्युमरिकल मेथड्स मन लावून शिकाव्यात. हीच समीकरणे पुराला आणि समुद्राच्या लाटांनाही लागतात, म्हणजे दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेचाही मार्ग उघडा राहतो. आणि बीएड कुठे पळून जात नाही, एमएस्सीनंतरही करता येते. उलट एमएस्सीनंतर नेट झाली तर महाविद्यालयात शिकवता येते.

निर्णयाआधी तिने एक गोष्ट करावी. धरण फुटल्यावर पाणी कसे पसरते, याचा एकाच दिशेतला साधा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहावा. तो नीट चालला की त्यात उतार आणि घर्षण घालावे, मग तळ खरवडण्याचे पद घालून लोंढ्याच्या तोंडाचा वेग कसा बदलतो ते पाहावे. मग सॅव्हेज आणि हटर यांचा उतारावरून वाहणाऱ्या कणांच्या लोंढ्यावरचा 1989 चा शोधनिबंध वाचायला घ्यावा. दोन महिने हे करून आणखी करावेसे वाटले, तर तिला अडवू नका. असे लोंढे संगणकावर चालवून पाहण्याचे आर-अॅव्हाफ्लो हे मोफत सॉफ्टवेअर त्यानंतर, आधी नको.

जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरायचे असतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. त्यामुळे कॉलेजच्या अभ्यासाबरोबरच तिने रिअल अॅनालिसिस आणि लिनिअर अल्जेब्राची जुनी प्रश्नपत्रिका आजपासून सोडवायला घ्यावी. प्रोग्रॅम लिहिताना अडली तर मला तिलाच लिहू दे.