साठीनंतर परदेशात मिशनरी म्हणून गेलेल्या जोडप्याचा दिवस कसा असतो? दारोदार फिरावं लागतं का?

नाही लागत. आम्ही दोघं लॅटर-डे सेंट्स चर्चतर्फे (लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात ते) 18 महिने परदेशात होतो. तेवढ्या काळात मी जी दारं ठोठावली ती बहुतेक आमच्याच तरुण मिशनरींची, आणि तीही आत गाद्या कुठल्या अवस्थेत आहेत ते बघायला.

दारोदार जाणं, शिकवणं हे तरुणांचं काम. मुलगे दोन वर्षांसाठी येतात, मुली दीड वर्षासाठी, आणि त्यांचा दिवस घड्याळाला बांधलेला असतो. ज्येष्ठ जोडप्याला मुदत निवडता येते, सहा महिन्यांपासून 23 महिन्यांपर्यंत. वेळेचं बंधनही सैल. पगार मात्र नाही, घरभाड्यापासून जेवणापर्यंत सगळं स्वतःच्या खिशातून. कुठे जायला आवडेल ते कळवता येतं, पण नेमणूक वरून येते आणि ती तशीच घ्यायची असते.

कोणाला चर्चच्या मंदिरातलं काम मिळतं, कोणाला मदतकार्य, कोणाला जुन्या कौटुंबिक नोंदी जतन करायचं, कोणी चर्चच्या एखाद्या छोट्या स्थानिक शाखेला हातभार लावतं. आमच्या वाट्याला मिशनचं ऑफिस आलं. आमचे हे हिशेब आणि गाड्या बघायचे, माझ्याकडे तरुण मिशनरी मुलांची घरं. सकाळी प्रार्थना, थोडं शास्त्रवाचन, मग नऊपासून भाड्याच्या पावत्या, वीजबिलं, व्हिसाचे कागद, घरमालकांचे फोन. अध्यात्म शोधायला जाल तर त्यात पटकन सापडायचं नाही.

आणि दर सहा आठवड्यांनी या मुलांच्या बदल्या! कोण कुठून कुठे, कामाला कोणाची जोडी कोणाशी. एकदा बदली झालेला मुलगा घराची किल्ली खिशात घेऊनच दुसऱ्या गावी गेला. बाकीच्या किल्ल्या घरात, पोरं बाहेर. रात्री साडेनऊला आम्ही दोघं त्यांच्यासोबत जिन्यावर बसून घरमालकाची वाट बघतोय. त्यांच्यातला एक दोनच दिवसांपूर्वी विमानातून उतरलेला. त्याने हळूच विचारलं, "सिस्टर, हे नेहमी असंच असतं?" म्हटलं, "नाही रे, दर सहा आठवड्यांनी."

घरं तपासताना काय काय दिसतं विचारू नका. न्हाणीघराच्या कोपऱ्यात बुरशी, पलंगाखाली ओले मोजे. एका घरात आगीची सूचना देणाऱ्या यंत्रातली बॅटरी गायब होती. ती सापडली गजराच्या घड्याळात. पहाटे उठायचा नियम पाळण्यासाठी काढली म्हणे. आता यावर ओरडणार तरी काय! (गंमत म्हणजे ही एकोणीस वर्षांची पोरंसुद्धा 'एल्डर', म्हणजे वडीलधारी, आणि सदुसष्टाव्या वर्षी आमचे हेही 'एल्डर'. छातीवरची काळी पाटीही तीच.)

कामापेक्षा मला जड गेलं ते चोवीस तास एकमेकांसमोर असणं. चाळीस वर्षं हे सकाळी ऑफिसला गेले की संध्याकाळीच दिसायचे. आता टेबल एक, गाडी एक, आणि गाडीत रस्ता दाखवणारी मी. पहिले दोन महिने आम्ही डावं-उजवं यावरूनच भांडलो. शेवटी तोडगा काढला. आठवड्यातला तयारीचा दिवस असतो, धुणं आणि बाजारहाट करायचा, त्या दुपारी दोन तास ह्यांनी एकट्याने फिरायला जायचं आणि मी दार लावून पडायचं. तेवढ्याने पुष्कळ निभावलं.

नातवंडांशी फोनवर हवं तेव्हा बोलता येतं. घरी काही गंभीर प्रसंग आला तर स्वखर्चाने थोड्या दिवसांसाठी परतही येता येतं. आमच्यावर ती वेळ आली नाही.

जायचं ठरलंच तर वैद्यकीय अर्जात गुडघ्यांबद्दल खरं लिहा. मी 'किरकोळ त्रास' लिहिलं होतं. मुलांची निम्मी घरं तिसऱ्या मजल्यावर निघाली, आणि लिफ्ट एकाही इमारतीत नव्हती.