दुसरा भाग बघायच्या आदल्या रात्री पहिला बघू नकोस

अरे सीक्वेल पहिल्यासारखा वाटला नाही म्हणून एवढं मन खट्टू नको करून घेऊस, सगळ्यांचंच होतं असं. पुढच्या वेळी फक्त एक कर, आदल्या रात्री पहिला भाग लावून बसू नकोस, लोक उलटं सांगतात माहितेय मला, पण पहिला ताजा असला की आपण प्रत्येक सीनला तुलनाच करत बसतो.

आता 'झपाटलेला' घे, १९९३ चा. तात्या विंचू, तो खुनी बाहुला, भारीच, पण खरी गंमत लक्ष्याच्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेच्या, घाबरण्यात, ते डोळे, ती तंतरलेली धावपळ. लक्ष्या गेला २००४ मध्ये आणि दुसरा भाग आला २०१३ ला, थ्रीडीत, बाहुला तोच पण त्याला घाबरणारा तो माणूसच नाही, मग थ्रीडी तरी काय करणार? 'मुंबई-पुणे-मुंबई'चं वेगळंय, पहिल्यात हिरो-हिरॉइन दोघांना नावंसुद्धा नाहीत, एक दिवस, पुणं आणि नुसत्या गप्पा. दुसऱ्यात लग्न आणि अख्खा गोतावळा. तो लग्नाचा पिक्चर म्हणून बघ, आवडेल.

आणि जुना परत बघायचा तर एकट्याने नको. आपल्या इंदूरला हिंदीवाले मित्र भरपूर, रविवारी पोहे-जलेबी झाली की एखाद्याला 'अशी ही बनवाबनवी'ला बसव. आमचे शेजारी तर अशोक सराफांचा नुसता चेहरा बघूनच हसायला लागले, डायलॉग पुरा व्हायच्या आत! मलाही मग तो सीन नव्याने दिसला.

बाकी नवीन भाग थेटरात बघायचा असेल तर पहिल्याच आठवड्यात जा, इथे मराठीचे शो मोजकेच लागतात.