जीवाणूंची 'जाती' की 'प्रजाती'?

ज्यांच्यात नर-मादी नाहीत आणि संकर नाही, त्या जीवाणूंना 'जाती' हा शब्द लावता येतो का, आणि 'जाती' म्हणावे की 'प्रजाती', अशी विचारणा आहे.

दुसरा भाग सोपा आहे. मराठी विश्वकोशात स्पीशीजला 'जाती' म्हटले आहे आणि शालेय पुस्तकांतल्या वर्गीकरणाच्या उतरंडीत 'प्रजाती' म्हणजे जीनस, अर्थात जवळच्या जातींचा गट. वृत्तपत्रांतली 'प्रजाती' हिंदीच्या वळणाची असून तिने विनाकारण घोळ होतो.

पहिला भाग मात्र खोल आहे. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी 1942 साली मांडलेल्या व्याख्येनुसार जाती म्हणजे आपसात प्रजनन करणारा आणि इतरांपासून प्रजननाने तुटलेला समूह. दुभंगून वाढणाऱ्या जीवाणूंना ती लागू पडणार नाही असे वाटते खरे, परंतु लेडरबर्ग आणि टेटम या शास्त्रज्ञांनी 1946 साली ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूमध्ये जनुकांची देवघेव होते हे दाखवले, आणि पुनःसंयोजन हा येथील कळीचा शब्द ठरला. पुनःसंयोजनात बाहेरून आलेला डीएनएचा तुकडा गुणसूत्रातील आपल्याशी जुळणाऱ्या भागाची जागा घेतो. हे जुळणे जितके कमी, तितकी अदलाबदल झपाट्याने घटते, कारण डीएनएच्या दोन धाग्यांतल्या विजोड जोड्या हुडकणारी पेशीतली दुरुस्तीची यंत्रणा असा तुकडा बहुधा नाकारते. त्यामुळे जवळच्या जीवाणूंमध्ये देवघेव चालू राहून ते एकमेकांपासून फार दूर जात नाहीत, तर एकदा दुरावलेल्यांमधली देवघेव आटत जाऊन दुरावा आणखी वाढतो. संकराच्या अडसराचे काम येथे हा दुरावाच करतो.

अर्थात हा अडसर पक्का नसतो. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जीवाणूमध्ये, पेनिसिलिन ज्या प्रथिनांना चिकटते त्यांची जनुके गोधडीसारखी जोडलेली आढळतात, आणि त्यांतली काही ठिगळे आपल्या घशात एरवी निरुपद्रवीपणे राहणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस मिटिसकडून आलेली असतात. तरीही तो न्यूमोकोकसच राहतो, कारण बाकीचा जनुकसंच आपल्या गोतावळ्यातच फिरत असतो. उलट क्षयाच्या जीवाणूत पुनःसंयोजन जवळजवळ नाहीच. तेथे 'जाती' म्हणजे एकाच पूर्वजाची वंशावळ, देवघेवीने बांधलेला समूह नव्हे. एकच शब्द दोन्हींना वापरावा लागतो, ही माझ्या मते शब्दाची उणीव नसून जीवाणूंचेच वैविध्य आहे.

प्रयोगशाळेत व्यवहारापुरते जनुकसंचांतील सरासरी 95 टक्के साम्य ही सीमा धरतात. त्या मोजमापाने हगवणीचा शिगेला हा ई. कोलायच ठरतो, पण वैद्यकातल्या सोयीसाठी त्याचे नाव, तेही वेगळ्या प्रजातीचे, अजून कायम आहे.