खारीचं भोक शनिवारी बुजवू नका, आधी आत पिल्लं आहेत का बघा

दादा, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि मग झोपच लागेना, म्हणून सकाळी सगळं बाजूला ठेवून लिहितेय. टेरेसवरचे टोमॅटो अर्धे खाऊन टाकलेले, डाळिंबाच्या ड्रमखाली सालींचा सडा, कुंड्यांमधलं कोकोपीट उकरलेलं, हे तर आहेच, पण बेडरूमच्या एसीचा पाइप भिंतीतून जातो त्या भोकात खार सारखी ये-जा करतेय आणि शनिवारी पेस्ट कंट्रोलवाला येऊन ते भोक बंद करणार आहे असं तुम्ही लिहिलंय. बागेचं नंतर बोलू. त्या माणसाला आधी फोन करा आणि शनिवारचं रद्द करा.

आमच्याकडे पुण्यात बिबवेवाडीला अगदी हेच झालं होतं, चार वर्षांपूर्वी, मार्चमध्ये. उन्हाळा आला म्हणून एसीची सर्व्हिसिंग काढली, तर एसीच्या आउटडोअर युनिटच्या मागून काथ्या, कापूस, माझ्या जुन्या टॉवेलचे दोरे असं काय काय लोंबत होतं. मनीप्लांटच्या काठीचा काथ्या महिनाभर कोण ओरबाडतंय ते तेव्हा कळलं. ज्या पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलं होतं (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) त्यांचा माणूस दुपारी आला, टॉर्चसुद्धा न लावता म्हणाला काही नाही मॅडम, फोम मारून वरून सिमेंट लावतो, परत येणार नाही. मी विचारलं आत काही असलं तर? तो म्हणाला माणसाची चाहूल लागली की निघून जातात. आणि मी ते ऐकलं. वीस मिनिटांत काम झालं, पैसे दिले, पावती घेतली.

संध्याकाळपासून ती खार त्या भिंतीवर. चिकचिक चिकचिक, थांबायचं नावच नाही. सिमेंट ओलं होतं ते नखांनी खरवडत होती. मला वाटलं चिडलीये, दोन दिवसांत जाईल. सासूबाई मात्र म्हणत होत्या, अगं ही अशी ओरडत नाही कधी, तिचं काहीतरी आत राहिलंय. त्या लहानपणापासून वाड्यात खारी बघत आलेल्या, मी तरीही लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने पाइपवरचं काळं इन्सुलेशन कुरतडून काढलं, ड्रेनचा पाइप फोडला, वायरही सोलली. मग मी घाबरून एका ऑफिसला फोन केला, त्यांनी दुसरा नंबर दिला, दुसऱ्यांनी सांगितलं की साप-बिप असेल तर सांगा, खारीसाठी कुणी येत नाही, आणि परत पहिलाच नंबर दिला. यात पूर्ण दिवस गेला. तो दिवस महत्त्वाचा होता हो. त्याच संध्याकाळी भिंत फोडली असती तर कदाचित वेगळं झालं असतं.

चौथ्या दिवशी फॉल्स सीलिंगमधून वास यायला लागला. पीओपी फोडलं तेव्हा तीन पिल्लं निघाली, डोळेही उघडले नव्हते. वायरिंग, पाइप, पीओपी मिळून बारा हजारांच्या आसपास गेले, पण ते सोडा. ती आई आठवडाभर त्याच जागी येऊन बसत होती, तो आवाज मला अजून आठवतो. म्हणून एवढं लांबण लावतेय.

तर आता काय करायचं. वर्तमानपत्राचा एक बोळा करून त्या भोकात हलकेच ठेवा, कोंबायचा नाही. खार दिवसा वावरणारी, त्यामुळे दोन दिवसांत बोळा बाहेर पडलेला दिसला की आत वस्ती आहे असं समजा. आत काथ्या-कापूस दिसत असेल आणि ती सारखी आत-बाहेर करत असेल तर पिल्लं आहेतच असं धरून चाला. एका वेळी दोन-तीन पिल्लं होतात आणि दूध सुटायला साधारण दहा आठवडे लागतात. म्हणजे तेवढे दिवस थांबायचं, किंवा पिल्लं जरा मोठी झाली की आईच त्यांना तोंडात धरून दुसरीकडे नेते, तिला नेऊ द्यायचं. दोन-अडीच महिने एसी नसला तर पंख्यावर निघतात, आम्ही नंतर एकदा काढले. बोळा सलग चार-पाच दिवस जागचा हलला नाही, की मगच भोक बंद करायचं.

बंद करतानाही नुसता फोम नको. तिचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे ती कुरतडणारच, फोम म्हणजे तिला काहीच नाही. पुण्यात बोहरी आळीत पाव इंची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) जाळी मिळते, तिचा तुकडा पाइपभोवती गुंडाळून भोकात बसवा आणि त्यावर सिमेंट. पत्रा कापायची कात्री आणि हातमोजे घ्या, जाळीची टोकं फार लागतात.

मधेच एखादं पिल्लू खाली पडलं तर गाईचं दूध पाजू नका, लोक हमखास हेच करतात. मऊ कापड घातलेल्या खोक्यात ठेवा, कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी, खोकं पडलेल्या जागेजवळच पण मांजर पोचणार नाही असं, आणि लांबून बघा, आई बऱ्याचदा येऊन घेऊन जाते. नाहीच आली तर वनविभागाची 1926 ही हेल्पलाइन आहे. तेव्हा मला हा नंबर माहीत नव्हता. मी काही तज्ज्ञ नाही, जे भोगलं आणि नंतर विचारून शिकले तेवढंच सांगतेय.

आता बाग. आधी खात्री करा की हे खारीचंच काम आहे. नुकसान रात्रीत होत असेल तर ते उंदराचं किंवा वटवाघळाचं, खार अंधारात येत नाही. डाळिंबाला बारीक गोल भोक आणि त्यातून विष्ठा येत असेल तर ती फळ पोखरणारी अळी. आमच्या चिकूचा दोन वर्षं खारीवर आळ होता, आणि निघाली वटवाघळं.

खारच असेल तर माझं स्पष्ट मत, झाड झाकू नका, फळ झाका. ती हिरवी नायलॉनची जाळी तर अजिबात नको, खार ती कुरतडते, आणि बुलबुल, सरडे त्यात अडकून मरतात, मी स्वतः कात्रीने एक बुलबुल सोडवलाय. कागदी आणि कापडी पिशव्याही ती फाडते. अर्ध्या इंची वेल्डमेशच्या (तारा जोडलेल्या कडक जाळीच्या) नळ्या वळून डाळिंबाला एकेक घातल्या, बाइंडिंग वायरने फांदीला बांधल्या, गेल्या हंगामात सतरापैकी चौदा फळं हाताला लागली. टोमॅटोला रंग फिरायला लागला की तोडून घरात पिकवा. चिकूही घरात पिकतो, सीताफळाचे डोळे उघडले की तेही उतरवून घ्या. डाळिंब मात्र तोडल्यावर पिकत नाही, म्हणून जाळी त्यालाच. बी पेरलेल्या कुंडीवर उगवेपर्यंत जुनी पिठाची चाळणी पालथी घाला, वर एक विटेचा तुकडा.

तिखटाच्या पाण्याने थोडा फरक पडतो (पक्ष्यांना तिखट लागत नाही, त्यामुळे त्यांना त्रास नाही), पण दर तीन-चार दिवसांनी मारावं लागतं आणि पावसाळ्यात काही उपयोग नाही. आवाजाचं मशीन घेतलं होतं, पैसे वाया. टेरेसवर पक्ष्यांसाठी दाणे टाकत असाल तर ते आधी बंद करा, खार त्यासाठीच येते आणि मग टोमॅटोकडे वळते. पाण्याचं भांडं मात्र ठेवा, उन्हाळ्यात निम्मे टोमॅटो ती पाण्यासाठीच फोडते असं मला वाटतं, भांडं ठेवल्यापासून आमच्याकडे कमी झालंय. सगळ्यांकडे तसंच होईल असं नाही.

तुमच्या पोस्टखाली एकांनी उंदराच्या विषारी वड्या आणि चिकट पॅड सुचवलंय. कृपा करून नको. त्या वड्यांनी रक्त गोठायचं थांबतं, प्राणी लगेच मरत नाही, चार-पाच दिवस तडफडतो, आणि तो खाणारं मांजर किंवा घुबडही जातं. पिंजऱ्यात धरून तळजाईच्या टेकडीवर सोडायचं म्हणाल, तर मागे पिल्लं राहिली असतील तर परत तेच, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरी खार येतेच. शिवाय वन्य प्राणी असा धरणं कायद्यातही बसत नाही.

तुम्ही आज बोळा ठेवा, आणि भोकाचा बाहेरून एक फोटो टाका, पाइप किती जाड आहे आणि आउटडोअर भिंतीपासून किती लांब आहे ते दिसू दे. जाळी किती घ्यायची ते मग सांगते.